मीटरच्या शून्याचा अर्थ

पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) हातात आलेल्या माणसाला जाणकार मंडळींकडून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ऑटो सोडून डायल लगेच ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर, न्यावा. मीही त्याच वाटेने सुरुवात केली. डोळा लावून पाहायच्या व्ह्यूफाइंडरच्या तळाशी प्रकाश मोजणाऱ्या मीटरची एक बारीक पट्टी दिसते. मध्यभागी शून्य, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आणि शटर (प्रकाश आत येण्याची वेळ) बदलत त्या पट्टीवरची खूण शून्यावर आणायची आणि बटण दाबायचे, एवढा क्रम हाताला बसला की आपण कॅमेऱ्याला आपल्या मनाप्रमाणे वागवू लागलो आहोत, असे वाटायला लागते. प्रत्यक्षात अशा रीतीने काढलेल्या फोटोचे एक्स्पोजर, म्हणजे त्यात उतरलेल्या प्रकाशाचे प्रमाण, आणि अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण निवडतो, शटर कॅमेरा) कॅमेऱ्याने आपणहून ठरवलेले एक्स्पोजर यांत फरक पडण्याचे काही कारणच नसते, कारण दोन्हीकडे निर्णय त्याच मीटरचा असतो. मॅन्युअलवर तो अमलात आणण्याचे कष्ट तेवढे आपण उपसतो. सुरुवातीच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यावर चाक एकच असल्यामुळे अ‍ॅपर्चर बदलताना आणखी एक बटण दाबून धरावे लागते, आणि या कसरतीत समोरचे दृश्य निघून गेलेले असते ते वेगळेच.

म्हणून एक्स्पोजर शिकण्याची सुरुवात डायलवरच्या अक्षरापासून न करता त्या शून्यापासून करावी, असे माझे मत झाले आहे. कॅमेऱ्यातले मीटर वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजते. ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे ते असे गृहीत धरते की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. छायाचित्रणात यासाठी १८ टक्के परावर्तनाचे करडे कार्ड प्रमाण म्हणून वापरले जाते. शून्याचा अर्थ एवढाच की या सेटिंगवर दृश्य मध्यम करडे उमटेल. हे पटण्यासाठी पांढरी चादर आणि काळे कापड एकाच उजेडात ठेवून, प्रत्येकाने पूर्ण चौकट भरून, खूण शून्यावर ठेवत फोटो काढावेत. दोन्ही फोटोंत जवळपास सारखाच करडा रंग दिसतो. मग चादरीसाठी खूण अधिक दीडवर आणि कापडासाठी उणे दीडवर नेली की पांढरे पांढरे आणि काळे काळे दिसू लागते. पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा या प्रयोगाने मला जास्त शिकवले. आधुनिक कॅमेऱ्यांतील मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग चौकटीचे अनेक भाग पाडून त्यांची तुलना करते, त्यामुळे रोजच्या दृश्यांत ते सहसा निभावून नेते. पण बर्फ, धुके, चमकणारी वाळू, काळ्या केसांचा प्राणी किंवा अंधाऱ्या पार्श्वभूमीवरचा उजळ चेहरा समोर आला की तेही गडबडते. बर्फासाठी अधिक एक ते दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट प्रकाश, लागतो. उजेड भरपूर असूनही एक्स्पोजर वाढवायचे, हे सुरुवातीला उलटे वाटते खरे, पण कारण कळल्यावर लक्षात ठेवावे लागत नाही.

स्टॉप ही कल्पना मात्र पक्की बसवून घ्यायलाच हवी. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. शटरच्या बाबतीत हे सरळ आहे: १/२५० सेकंदात येणारा प्रकाश १/१२५ सेकंदात दुप्पट होतो. अ‍ॅपर्चरचे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे पहिल्यांदा विचित्र वाटतात. एफ-आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमी लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिमी व्यासाचे छिद्र आणि एफ/४ म्हणजे साडेबारा मिमीचे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, म्हणजे प्रकाश दोन स्टॉपने घटतो. एकच स्टॉप घटवायचा तर व्यासाला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने भागावे लागते, आणि म्हणूनच त्या मालिकेतला प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट असतो. बहुतेक कॅमेऱ्यांवर चाकाची एक ‘टिक’ म्हणजे एक तृतीयांश स्टॉप असते. छिद्र तीन टिक एका बाजूला फिरवले तर शटर तीन टिक दुसऱ्या बाजूला, हा हिशेब बोटांना जमला की व्ह्यूफाइंडरमधून नजर काढावी लागत नाही.

नवशिक्यांना दाखवला जाणारा ‘एक्स्पोजर त्रिकोण’ मला फारसा आवडत नाही. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ हे तीन समान कोन आहेत, असा समज त्यातून होतो. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर, किती प्रकाश पडेल हे दृश्यातला उजेड, छिद्र आणि शटरची वेळ यांवर ठरते. आयएसओ वाढवल्याने एक कणही जास्तीचा प्रकाश आत येत नाही, आलेल्या प्रकाशापासून फोटो किती उजळ करायचा एवढेच त्याने ठरते. आयएसओ ३२००वर दिसणारा रवाळपणा मुख्यतः मुळात प्रकाश कमी मिळाल्यामुळे असतो. हा फरक कोरडा वाटला तरी त्याचा परिणाम अगदी व्यवहारी आहे. या रवाळपणाच्या (नॉइजच्या) भीतीने आयएसओ ८०० वरच अडून राहायचे, फोटो दोन स्टॉप काळा काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, याने काहीच साधत नाही. तेवढ्याच छिद्रावर आणि तेवढ्याच शटरवर ३२०० ला काढलेल्या फोटोइतकाच रवा त्यात दिसतो, अनेक कॅमेऱ्यांत थोडा जास्तच. याहून वाईट म्हणजे त्याच भीतीने शटर मंदावणे. रवाळ फोटो पाहता येतो, थोडाफार सुधारताही येतो. हललेला फोटो टाकूनच द्यावा लागतो.

हात किती स्थिर राहील याचा जुना अंदाज असा की शटरची वेळ एक भागिले फोकल लेंग्थ याहून मोठी नसावी. पहिल्या डीएसएलआरमधला सेन्सर बहुधा ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, म्हणून फोकल लेंग्थला आधी १.५ किंवा १.६ ने गुणावे. म्हणजे ५५ मिमीला १/१०० च्या आसपास राहिलेले बरे. लेन्समधले स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरते, पण समोरच्या माणसाने मान वळवली तर त्याला काही करता येत नाही. धावत्या मुलासाठी १/५०० लागतोच. इथे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचा एक स्वभाव माहीत असावा. १८-५५ मिमीच्या नेहमीच्या लेन्सवर एफ/३.५-५.६ असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा की १८ ला सर्वांत मोठे छिद्र ३.५ चे मिळते आणि झूम करत ५५ पर्यंत गेल्यावर ते ५.६ होते. जवळजवळ दीड स्टॉपचा प्रकाश नेमका अशा वेळी कमी होतो जेव्हा शटर जास्त वेगवान हवे असते. मॅन्युअलवर ३.५ ठेवून झूम केले तरी कॅमेरा ५.६ वर जातो, आणि फोटो काळा का आला हे कोडे पडते. अंधाऱ्या खोलीत झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जाणे केव्हाही चांगले.

फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर विश्वास ठेवू नये. रात्री तो पडदा डोळ्यांना फार उजळ वाटतो आणि उन्हात मंद. फोटोत किती भाग काळा आणि किती उजळ हे दाखवणारा हिस्टोग्रामचा आलेख उजव्या भिंतीला चिकटून बसला असेल तर आकाशातले किंवा शुभ्र कपड्यावरचे तपशील गेले असे समजावे. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद ठेवणाऱ्या, फाइलमध्ये थोडे परत मिळतात, कारण पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, पण त्या भरवशावर राहू नये. सावल्या नंतर बऱ्याच उजळता येतात, पांढराफटक झालेला भाग मात्र भरून निघत नाही.

सध्या मी बहुतेक वेळ अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी वापरतो आणि मीटरशी मतभेद असेल तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे (मीटरचा निर्णय अधिक-उणे करणारे) बटण. मॅन्युअल दोन प्रसंगांसाठी राखून ठेवले आहे. पहिला प्रसंग चंद्राचा. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडकच, त्यामुळे त्याला जवळपास दिवसाचे सेटिंग लागते: आयएसओ १००, एफ/११, १/१२५. काळे आकाश मोजणाऱ्या मीटरच्या कलाने गेलो तर पांढऱ्या टिकलीपलीकडे काही मिळत नाही. दुसरा प्रसंग म्हणजे उजेड तोच राहतो आणि माणसे बदलत जातात, जसे स्थिर दिव्यांखालचा रंगमंच. तिथे एका चेहऱ्यावर नीट एक्स्पोजर बसवले की त्या प्रकाशात पांढऱ्या कपड्यातला येवो की काळ्या, सेटिंगला हात लावायचा नाही. मात्र ऑटो आयएसओ आधी बंद करावे. ते चालू राहिले तर मॅन्युअलवरही कॅमेरा प्रत्येक फोटोला मीटर विचारून आयएसओ बदलत राहतो, आणि पांढरा कुर्ता घातलेला माणूस चौकटीत शिरताच सगळ्यांचेच चेहरे काळवंडतात.