घटांगच्या पुढचा दीड तास

मेळघाटात मे महिन्यात सावली नसते, हे मला माहीत नव्हतं. आम्ही आर्वीकडचे, जंगल म्हटलं की गारवा असंच डोक्यात. पण मेळघाट म्हणजे साग, आणि साग उन्हाळ्यात पानं टाकून मोकळा होतो. घटांग सोडून सेमाडोहच्या बाजूला निघालो आणि आमची पिकअप तिसऱ्यांदा बंद पडली. दुपारचा दीड वाजलेला, मोबाईलला रेंज नाही, रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती खोडं. मामा गाडीच्या मागच्या चाकाशी बसले, कारण सावली म्हणावी अशी तेवढीच होती.

मामाची मुलगी मेळघाटातल्या धारणीला दिलेली. तिला पिठाची गिरणी टाकून द्यायची होती, मोटारीसकट. ट्रान्सपोर्टवाल्याला कशाला पैसे द्यायचे, गाडी घरचीच आहे, असं मीच म्हणालो होतो. गाडी २०१२ची, कॉमन रेल डिझेल, तीन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. कापूस, खत, लग्नाचे मंडप, सगळं तिनं वाहिलं आहे. माझा तिच्यावर जीव आहे, म्हणून पुढचं सगळं जरा सविस्तर लिहितो.

दुखणं निघायच्या आधी आठवडाभर सुरू झालं होतं. चढावर गाडी दम सोडायची, झटके द्यायची. मी फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून पारदर्शक बाटलीत डिझेल काढलं. थोड्या वेळात खाली पाणी बसलं, वर डिझेल. पाणी जड, ते तळाशी जातं. बाटली घेऊन मी सरळ पेट्रोल पंपावर गेलो आणि तिथल्या माणसाला चार लोकांसमोर वाट्टेल ते बोललो. तो वयानं माझ्यापेक्षा मोठा. त्यानं काही न बोलता काचेचा जार काढला, नोझलमधून डिझेल भरलं, थर्मामीटर आणि घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडला, तक्त्यावरून १५ अंशाची घनता काढली आणि त्या दिवशीच्या रजिस्टरमधल्या आकड्याशी जुळवून दाखवली. हे कोणत्याही ग्राहकाला मागता येतं. मी मागितलंसुद्धा नव्हतं, त्यानं आपणहून दाखवलं. तरी मी ऐकलं नाही. बाटली त्याच्या टेबलावर ठेवून निघून आलो.

मग नवा फिल्टर घातला. आर्वीतल्या आर्वीत गाडी बरी चालली आणि मी निश्चिंत झालो. तीच चूक झाली, कारण आर्वीत मी एका वेळी वीस मिनिटांच्या वर गाडी चालवतच नव्हतो.

निघालो त्या दिवशी मोझरीला गुरुकुंजापाशी थांबून तुकडोजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. पुढे अमरावतीच्या अलीकडे गाडी पहिल्यांदा बंद पडली. पाऊण तासानं आपोआप सुरू झाली. अमरावतीत एका गॅरेजात नेली, तर त्यांनी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंडगार इंजिनाला स्कॅनर लावला. स्कॅनरवर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब, कमी असल्याचा कोड होता. टाकी उतरवून धुतली, आतली जाळी साफ केली, फिल्टर पुन्हा बदलला, अठ्ठावीसशे रुपये घेतले आणि सांगितलं, हाय प्रेशर पंप गेला, चाळीस हजार धरून चाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. लॉजचा पंखा गरम हवाच फिरवत होता आणि मी चाळीस हजार कुठून आणायचे ते मोजत होतो.

तो कोड जुना होता. फिल्टरमध्ये पाणी होतं त्या आठवड्यातला, गाडीच्या कम्प्युटरनं जपून ठेवलेला. कोड कधीचा आहे, किती वेळा आला, हे गॅरेजात कोणी पाहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

परतवाड्याच्या बाहेर गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. चहा होईस्तोवर पुन्हा लागली. मामा म्हणाले, "भाच्या, परत फिरू." मी म्हणालो, आता घाट तेवढा राहिला.

घटांगच्या पुढे आम्ही तासभर बसलो असू. दोन कार गेल्या, काचा वर, थांबल्या नाहीत. मला त्याचा राग आला आणि अजूनही आहे. त्या रस्त्यावर, त्या उन्हात, बॉनेट उघडं दिसल्यावर एक काच खाली करायला काय लागतं?

मग समोरून एक काळी-पिवळी प्रवासी जीप आली. आत चौदा-पंधरा माणसं, टपावर तेंदूपत्त्याची रिकामी पोती. ड्रायव्हर तिशीतला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. आमच्यापुढे जाऊन त्यानं गाडी बाजूला घेतली.

"काऊन भाऊ, काय झालं?"

मी सगळं एका दमात सांगितलं. डिझेल, पाणी, फिल्टर, पंप, चाळीस हजार. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बंद पडताना झटके देते, का चाबी काढल्यावानी बंद होते?"

मी थांबलो. मामाच बोलले, "चाबी काढल्यासारखी."

"मंग डिझेलचं नाही हे. डिझेल कमी पडलं तं गाडी आधी रडते."

तरी त्यानं खात्री केली. फिल्टरवरचा हँडपंप दाबून पाहिला. चार-पाच दाबांत तो कडक झाला, म्हणजे डिझेल येत होतं आणि लाइनीत हवा नव्हती. फिल्टरमधलं थोडं डिझेल माझ्याच बाटलीत काढून उन्हात धरलं. स्वच्छ. मग मला म्हणाला, "बसा आत. सेल मारा आणि आरपीएमचा काटा पाहा."

मी सेल मारला. इंजिन चांगलं फिरत होतं, पकडत नव्हतं. काटा शून्यावर.

"हालते काय?"

"नाही."

"जराकसाबी?"

"जरासाही नाही."

"इंजिन फिरून राह्यलं हे कम्प्युटरले मालूमच नाही, मंग तो कायले डिझेल सोडीन?"

अमरावतीत दीड दिवसात जे कोणी सांगितलं नाही, ते मला या एका वाक्यात समजलं. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीत डिझेल पोचलं आणि सेल बसला की इंजिन लागायचं. कॉमन रेलमध्ये इंजेक्टर कधी उघडायचा ते कम्प्युटर ठरवतो, आणि पिस्टन कुठे आहे हे त्याला क्रँक सेन्सर सांगतो. तो मुका झाला, की रेलमध्ये कितीही दाब असो, एक थेंब आत जात नाही. आमच्या गाडीत आरपीएमचा काटाही त्याच सेन्सरच्या सिग्नलवर चालतो. सेल मारताना तो शून्यावरून थोडा उठायला हवा. एवढी खूण डोळ्यांसमोर होती आणि तीन वेळा बंद पडूनही मी तिकडं पाहिलं नव्हतं. मी फक्त चेक इंजिनच्या दिव्याकडं पाहत होतो.

तो गाडीखाली शिरला. सेन्सर गिअरबॉक्स इंजिनाला जुळतो तिथे, हाताला जेमतेम लागेल असा. वरून ऊन, खाली तापलेलं डांबर, मध्ये भट्टीसारखं इंजिन. दुपट्टा सोडून त्यानं हात बाहेर काढला, "पाणी द्या."

आमचं पाणी संपलं होतं.

एव्हाना त्याचे प्रवासी खाली उतरले होते. बाया आपसांत कोरकूत बोलत होत्या. इथं येणाऱ्या पुष्कळ जणांना कोरकू आणि गोंडी एकच वाटतात, तसं नाही. गोंडी द्रविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली, तिची नाती थेट संथाळीकडं जातात. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण एक म्हातारी पुढे आली आणि तिनं आपली दोन लिटरची बाटली, अर्ध्याच्या वर भरलेली, काही न विचारता त्या हातात दिली. उन्हाळ्यात मेळघाटातल्या कित्येक गावांत टँकर येतो तेव्हा पाणी मिळतं. तिनं ते कुठून भरून आणलं होतं, देव जाणे. आणि आम्ही ते गाडीला पाजणार होतो. मी नको नको म्हणत राहिलो. ती माझ्याकडं पाहतही नव्हती, बाटली रिकामी होताना पाहत होती.

"इंजिनावर नाही टाकत, ब्लॉक तडकीन," तो खालून म्हणाला. ओला दुपट्टा त्यानं नुसत्या सेन्सरवर दाबून धरला. पाच-सात मिनिटं गेली असतील.

"मारा सेल."

काटा उठला. मी तो उठताना पाहिला, मग इंजिन लागलं. मामांनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पैसे त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, धारणीपर्यंत थांबू नका, सिपना नदी लागली की दुपट्टा पुन्हा भिजवून घ्या. दुपट्टाही आमच्याकडंच ठेवला. त्या पंधरा माणसांनी आमच्यासाठी अर्धा तास उन्हात काढला होता, आणि एकानंही "चला ना आता" म्हटलं नाही.

सेमाडोहला सिपनेच्या पात्रात उरलेल्या डोहातून कॅन भरली, हरिसालला पुन्हा सेन्सर भिजवला, संध्याकाळी धारणी. धारणीतले दोन दिवस गिरणी बसवण्यात आणि जेवण्यात गेले.

तिथल्या एका इलेक्ट्रिशियननं सेन्सर काढून मीटर लावला. थंड असताना ८७० ओहम. मग दिव्याजवळ धरून तापवला, तर मीटर कोराच, तार आत तुटल्यासारखा. आतलं वेटोळं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं. त्यातला एक जोड कुठेतरी उकललेला, गरम झाला की उघडतो, गार झाला की टेकतो. म्हणूनच थंड इंजिनाच्या तपासणीत काही सापडत नव्हतं. कोणाला सांगायचं झालं, तर गाडी दुखत असतानाच गॅरेजात न्या, एवढंच सांगेन. नवा सेन्सर परतवाड्याहून मागवला. तो घेऊन आला तोच काळी-पिवळीवाला. दुपट्टा परत दिला, तर धुतलेला पाहून हसला. म्हातारीचं गाव विचारलं, पण त्याला नक्की सांगता आलं नाही, ती वाटेत कुठंतरी उतरली होती.

डिझेलमधल्या पाण्याचं उत्तर मला त्याच घाटात, चाकाशी बसल्या बसल्या मिळालं होतं. मन मानत नव्हतं एवढंच. गोठ्यात ट्रॅक्टरसाठी डिझेलची एक कॅन असते, झाकण चिरलेलं. एप्रिलमधल्या अवकाळीत गोठा गळला होता. पंपावर भांडायला गेलो त्याच्या दोन दिवस आधी ती कॅन मीच गाडीच्या टाकीत ओतली होती. घरी आल्यावर उरलेली तिरपी करून ठेवली, सकाळी बाटलीत काढली. तळाशी पाणी.

पंपावर गेलो तर तो माणूस नव्हता. त्याची पाळी रात्री आठची. मी हवा भरायच्या जागेपाशी गाडी लावून थांबलो. आल्यावर त्यानं मला ओळखलं आणि हात जारकडं नेला. मी म्हणालो, काका, ते राहू द्या, पाणी माझ्याच कॅनमधलं होतं, त्या दिवशी बोललो ते चुकलं. त्यानं जार तसाच हातात धरला. "मी चार रात्री झोपलो नाही, भाऊ," तो म्हणाला. "मालकानं टाकी दोनदा तपासाले लावली."