अडकलेली सीडी

काल दुपारी लेकीला शाळेतून आणायला गेलो होतो. नेहमीप्रमाणे वीस मिनिटं आधी, कारण उशीर झाला की गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत जाते. बसल्या बसल्या फोनवर एका जुन्या अमेरिकन रॉक बँडचं ‘सिंपल मॅन’ लावलं, आणि ते संपल्यावर भलतंच गाणं सुरू झालं. म्हणजे भलतं नाही, मूळ अल्बमवर तेच आहे, १९७३ साली त्या लोकांनी ठरवून तिथे ठेवलेलं. पण माझ्या कानात ‘सिंपल मॅन’नंतर दोन सेकंद शांतता, प्लेअरचा बारीक खर्र असा आवाज, आणि मग ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’. दुसरं काही लागलं की पायरी चुकल्यासारखं होतं.

हे तसं जुनंच दुखणं. लहानपणी बाबा गाण्यांची यादी करून दुकानातून कॅसेट भरून आणायचे, त्यात भीमसेनांच्या अभंगाला लागून लताबाईंचं एक भावगीत होतं, आणि आजही कुठे तो अभंग संपला की माझं मन त्या भावगीताची पहिली ओळ म्हणून मोकळं होतं, भले समोर कीर्तन का चालू असेना.

तर ती सीडी. २००६ साली ऑनसाइट म्हणून अटलांटाला आलो तेव्हा एका रिटायर्ड आजोबांकडून जुनी गाडी घेतली. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की प्लेअरमध्ये सीडी अडकलीय, काही केल्या बाहेर येत नाही, आणि त्याचे पन्नास डॉलर कमी केले. किल्ली फिरवली की ती आपली आपण सुरू व्हायची. हिट गाण्यांचं कसलंतरी कलेक्शन होतं, पण कव्हर आजोबांकडेही नव्हतं, त्यामुळे कोण गातंय, कधीचं आहे, बँडवाले दिसतात कसे, काहीच माहीत नाही. तीन महिने मी हे असं निनावी ऐकलं. तीन तीन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या, मध्येच पियानो, आणि शेजारच्या ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसा गाणारा एक माणूस. ‘फ्री बर्ड’ तर नऊ मिनिटांचं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचलो तरी त्या गिटारी थांबायला तयार नसायच्या, मग मी गाडी चालू ठेवून तसाच बसून राहायचो.

शेवटी ऑफिसमधला एक टेनेसीचा सहकारी लंचला माझ्या गाडीत बसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. अरे हे लेनर्ड स्किनर्ड! घरी येऊन स्पेलिंग शोधलं तर त्यात वाय इतके की डोळे फिरावेत, देवनागरीत लिहिलं की बिचारं सरळ होतं. त्यांनाही ते ठाऊक असावं, कारण पहिल्या अल्बमचं नावच मुळी हे नाव उच्चारायचं कसं, हे आहे.

आणि नाव कोणाचं, तर फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या शाळेतल्या त्यांच्या पीटीच्या सरांचं! लेनर्ड स्किनर. मुलांचे केस वाढले की हे सर मागे लागायचे. हे वाचलं आणि मला एकदम आमचे पीटीचे सर आठवले. सोमवारी प्रार्थनेनंतर ते रांगेतून फिरत, मानेवरचे केस चिमटीत धरून बघत, आणि चिमटीत आले की मैदानाला दोन चकरा. आम्ही त्यांना ‘चिमटा’ म्हणायचो. गल्लीतल्या क्रिकेट टीमला ‘चिमटा इलेव्हन’ नाव द्यायचं ठरलं होतं, पण एकाचाही धीर झाला नाही. जॅक्सनव्हिलच्या पोरांनी अक्षरं फिरवून का होईना, नाव देऊन दाखवलं. पुढे त्या सरांशी त्यांचं जमलंसुद्धा म्हणे. चिमटा सर रिटायर झाले तेव्हा मी भेटायला जाणार होतो, राहिलं ते राहिलंच.

एकदा माहिती काढायला लागलं की मग कुठे थांबायचं कळत नाही. पियानो वाजवणारा बिली पॉवेल आधी त्यांचं सामान उचलायचा, एका शाळेच्या कार्यक्रमात सहज पियानोवर बसून त्याने ‘फ्री बर्ड’ची सुरावट वाजवली आणि सगळे बघतच राहिले. ‘स्वीट होम अलाबामा’ लिहिणारे तिघं, त्यातला एकही अलाबामाचा नाही, आणि गाणं रेकॉर्ड झालं अटलांटाजवळच्या डोराव्हिलला, म्हणजे मी शनिवारी जिथे नूडल्स खायला जायचो तिथे! पण त्यात काय, पुण्यात फॅनखाली बसून कोकणावर कविता करणारे आपल्याकडेही आहेतच की. अलाबामात शिरताना पाटीवर हेच शब्द दिसतात, मी दर वेळी खिडकीतून बोट दाखवतो आणि बायको दर वेळी ‘हो, सांगितलंयस’ म्हणते. त्यांच्या स्टेजमागे तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांचा झेंडा असायचा, हेही खूप नंतर व्हिडिओत दिसलं. सीडीत झेंडा दिसत नाही ना. त्याचं काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.

आणि मग तो अपघात. २० ऑक्टोबर १९७७. ग्रीनव्हिलहून बॅटन रूजला जाताना बँडचं विमान मिसिसिपीत गिल्सबर्गजवळच्या झाडीत कोसळलं. सहा माणसं गेली. गाणारा रॉनी व्हॅन झॅन्ट गेला, वय २९. गिटारवाला स्टीव्ह गेन्स आणि कोरसमध्ये गाणारी त्याची बहीण कॅसी, दोघंही गेले. नवा अल्बम येऊन तीन दिवस झाले होते, त्याच्या कव्हरवर बँडच्या भोवती ज्वाळा होत्या, ते कव्हर मग बदललं. ‘दॅट स्मेल’ त्याच अल्बममधलं, मरणाचा वास आजूबाजूला येतोय असं सांगणारं गाणं. माझ्या सीडीवर ते तिसरं होतं. आठव्या नंबरला तोच माणूस पंचविशीचा होऊन ‘सिंपल मॅन’ म्हणायचा, आईने सांगितलेल्या चार गोष्टी. मी रोज सकाळी त्याला असं मागे पुढे करत ऑफिसला जात होतो, आणि सिग्नलला स्टेअरिंगवर ठेका धरत होतो.

विमान का पडलं, तर इंधन संपलं. एवढंच.

आमच्याकडे स्कूटर होती. भर रस्त्यात ती बंद पडली की बाबा नॉब रिझर्व्हवर टाकायचे, रिझर्व्हही संपलं की मला खाली उतरवून स्कूटर आडवी करायचे, पुन्हा उभी करायचे, आणि त्या घोटभर पेट्रोलवर आम्ही घरी पोचायचो. पेट्रोल संपणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच होतं, थोडी फजिती आणि बाबांच्या शर्टाला तेलाचा डाग.

ती गाडी २०११ मध्ये विकली, सीडीसकट. घेणाऱ्या मुलाला मीही पन्नास डॉलर कमी केले.

लेक आली, दप्तर मागे फेकून बसली. मी गाडी गॅस स्टेशनकडे वळवली, तशी पुढे वाकून काट्याकडे बघत म्हणाली, “बाबा, अर्धी टाकी आहे की अजून. आत्ता कशाला?”

म्हटलं, असंच.