धन्याला लाल झगा, चाकराला सुरी

आज कामात लक्षच नव्हतं. डोक्यात सारखा रॉद्रिगो काल्देरोन घोळत होता. स्पेनच्या तिसऱ्या फेलिपेचा लाडका लेर्माचा ड्यूक, आणि त्या ड्यूकचा लाडका हा रॉद्रिगो.

फेलिपे १५९८ मध्ये, विसाव्या वर्षी गादीवर आला आणि सगळा कारभार लेर्माच्या हाती सोपवून मोकळा झाला. लेर्माने १६०१ मध्ये अख्खा दरबार माद्रिदहून वायादोलिदला हलवला. तिथे त्याने आधीच जागा घेऊन ठेवल्या होत्या, स्वतःचा वाडा तर राजालाच विकला! १६०६ मध्ये दरबार पुन्हा माद्रिदला. रॉद्रिगो या लेर्माच्या घरचा साधा हुजऱ्या. पुढे तो राजाच्या खासगीचा चिटणीस झाला. अर्ज, नेमणुका, सगळं त्याच्या हातून जायचं, आणि त्याचे हात ओले केले की कामं व्हायची. १६१४ मध्ये तर तो मार्किस, म्हणजे बडा सरदार झाला.

मग वारं फिरलं. लेर्माचा सख्खा मुलगा उसेदाच बापावर उलटला. पण लेर्मा पक्का. १६१८ मध्ये त्याने पोपकडून कार्डिनलपद, म्हणजे चर्चमधलं लाल झग्याचं मोठं पद मिळवलं, त्यामुळे राजाच्या न्यायाधीशांना त्याला सहजी हात लावता येईना. लोकांनी पद रचलं: फाशी चुकवायला स्पेनमधल्या सगळ्यात मोठ्या चोराने लाल कपडे घातले. त्याला दरबार सोडावा लागला, पण जीव वाचला.

रॉद्रिगोला कुठला लाल झगा? १६१९ च्या फेब्रुवारीत त्याला पकडलं, पुढच्या जानेवारीत त्याचा छळ केला. फ्रान्सिस्को दे हुआरा नावाच्या माणसाचा खून करवल्याचं त्याने कबूल केलं. राणी मार्गारिताला विष घातल्याचा आरोप मात्र शेवटपर्यंत नाकारला, आणि तो सिद्धही झाला नाही. मार्च १६२१ मध्ये कोठडीत घंटा ऐकू आल्या तेव्हा तो म्हणाला म्हणे, राजा गेला, आता मीही मेलो. नवा राजा जेमतेम सोळाचा, आणि त्याच्या मर्जीतल्या ओलिवारेसला जुनी घाण साफ करून दाखवायची होती. लेर्मा हाती लागत नव्हता, हा लागला.

२१ ऑक्टोबर १६२१. खेचरावर बसवून त्याला माद्रिदच्या प्लासा मायोर चौकात नेलं, पुढे दवंडीवाला गुन्हे पुकारत होता. तो इतक्या ताठ मानेने चौथरा चढला की कालपर्यंत शिव्या घालणारे लोक रडायला लागले. गळा चिरून मारलं त्याला. एखाद्याचा तोरा सांगताना स्पेनमध्ये अजून 'फासावरच्या डॉन रॉद्रिगो'चं नाव घेतात, त्याला फाशी दिलीच नव्हती तरी.

लेर्मा १६२५ मध्ये आपल्या मरणाने मेला. जबर दंड झाला त्याला, पण कार्डिनल म्हणूनच गेला. याचा मला फार राग येतो. रॉद्रिगोची शिक्षा चुकीची होती असं मी म्हणणार नाही, एक माणूस त्याने खरंच मारवला होता. पण चारशे वर्षं सगळे त्याच्या ताठ मानेबद्दलच लिहितात. हुआराचं नाव खटल्याच्या एका ओळीत येतं आणि संपतं. त्याच्या घरच्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मला जास्त जाणून घ्यायचंय.