बेळगावच्या किल्ल्यात: तट लष्कराचा, वस्ती देवांची

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला इतका जवळ आहे की रिक्षा करण्याचे कारण नाही. खंदक ओलांडताच प्रवेशद्वारापाशी गणपती आणि दुर्गा यांची देवळे लागतात. १८१८ साली इंग्रजांनी वेढा घालून हा किल्ला घेतला. त्यानंतर या तटासाठी कोणी लढले नाही, परंतु रणदेवता दुर्गेची पूजा आजही चालू आहे.

सैन्य गेले आणि मग देव आले, असा सोपा क्रम मात्र येथे लावता येत नाही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा अधिकारी बिचिराज याच्याकडे किल्ल्याच्या उभारणीचे श्रेय दिले जाते, आणि त्यानेच १२०४ साली नेमिनाथांची बसदी (जैन मंदिर) बांधली, म्हणजे तट आणि गाभारा एकाच काळातले. तिच्या मंडपाच्या छतात कोरलेल्या कमळामुळे लोक तिला कमलबसदी म्हणतात. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील प्रत्येकी २४, असे ७२ तीर्थंकर त्या पाकळ्यांत मांडले आहेत. ते नीट पाहायचे तर मान दुखेपर्यंत वर बघावे लागते, आणि ते अवश्य करावे. आदिलशाहीतील सरदार असदखान लारी याने बांधलेल्या सफा मशिदीत जुन्या देवळांच्या घडणीचे खांब दिसतात. तिची कहाणी केवळ सलोख्याची म्हणून सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्या मते किल्ल्याचे खरे रूपांतर रामकृष्ण मिशनच्या आश्रमात घडले आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा आधी ते वकील भाटे यांच्या घरी आणि नंतर वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या किल्ल्यातील घरी राहिले. हरिपद आणि त्यांच्या पत्नी इंदुमती या दोघांनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली. तटाच्या आतल्या एका सरकारी नोकराचे राहते घर आता स्मारक म्हणून जपले आहे. ‘आत्मनो मोक्षार्थं जगद्धिताय च’ (स्वतःच्या मोक्षासाठी आणि जगाच्या हितासाठी) हे मिशनचे ब्रीद आहे, त्यामुळे येथे उपासनेला सेवेपासून वेगळे काढता येत नाही. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या आवारात हे ब्रीद पाळणे मला तटाच्या डागडुजीपेक्षा मोलाचे वाटते.

लष्कर मात्र बेळगावातून गेलेले नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर याच शहरात आहे.