पापीर हीर!

लेकीकडे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला दीड महिना राहिलो. ॲमस्टरडॅमचे कालवे झाले, पवनचक्क्या झाल्या, बेल्जियमलाही जाऊन आलो. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते एफ्टेलिंगबद्दल, आणि तेही सगळं नाही. तिथल्या एका लाल भूछत्राबद्दल आणि कागद खाणाऱ्या एका जाड्याबद्दल.

एफ्टेलिंग हे काट्सह्यूवल नावाच्या गावातलं थीम पार्क. "तुम्ही दोघंच जा," लेक म्हणाली, "आम्ही आलो की तुम्ही दिवसभर नातवाच्या मागे पळणार." जावयांनी तिकिटं काढून दिली. सकाळी ट्रेनने टिलबर्ग, आणि तिथून बागेच्या दाराशी सोडणारी बस. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण घरचं कुणी बरोबर नाही, लग्नकार्य नाही, दवाखाना नाही, असा अख्खा दिवस आम्ही दोघांनीच कधी काढला होता ते मला आठवेना. मागे एका टूर कंपनीबरोबर युरोप केलं होतं. तिथे प्रत्येक ठिकाणी पाऊण तास मिळायचा आणि त्यातला निम्मा डोकी मोजण्यात जायचा. त्यामुळे मोकळा दिवस म्हटल्यावर मी मनातून फार खूश होते.

सकाळ मात्र चांगली गेली नाही. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. गेली चार वर्षं ह्यांना कमी ऐकू येतं. उजवा कान त्यातल्या त्यात बरा, डाव्याने फारच कमी. मशीन घेतलं आहे. ज्या दुकानातून घेतलं तिथल्या माणसाने दहा मिनिटांत ते कानात बसवलं, पैसे घेतले आणि "सवय होईल" म्हणून मोकळा झाला. शांत खोलीत मशीन बरं चालतं. पण गर्दीत ते माणसाच्या बोलण्याबरोबर खुर्च्या सरकवल्याचा, चमचे आपटल्याचा, लांब रडणाऱ्या बाळाचा आवाजही तितकाच मोठा करतं. मग हे मशीन काढून खिशात ठेवतात, आणि मी ओरडून बोलते.

ओरडून बोलताना माणसाच्या आवाजाला रागाचा सूर लागतो. राग नसला तरी लागतो. मी "पाणी देऊ का?" विचारते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाई भांडतेय.

पहिल्या दोन तासांत आम्ही 'ड्रोमफ्लुख्त'मध्ये बसून आलो. १९९३ सालची ही राइड. वरून टांगलेल्या छोट्या पाळण्यातून पऱ्यांच्या अंधाऱ्या जंगलात फिरवून आणतात. सुंदर आहे, पण तिच्या रांगेत आमचं एकही वाक्य धड झालं नाही. 'बॅरन १८९८' हा रोलर कोस्टर लांबूनच पाहिला. गाडी वर नेऊन कठड्यावर क्षणभर थांबवतात आणि ३७.५ मीटर सरळ खाली, खाणीच्या भोकात सोडतात. लोक किंचाळत होते. हे शांतपणे बघत उभे होते, आणि त्यांना ते किंचाळणं किती ऐकू येतंय हे मला कळत नव्हतं.

मग जेवण. डच पॅनकेक म्हणजे ताटाएवढं मऊ घावन. आत सफरचंदाच्या चकत्या नाहीतर चीज, आणि वर ओतायला दाट, काळपट पाक. आम्ही शाकाहारी, त्यामुळे मांसाचे प्रकार सोडले तरी निवडायला भरपूर होतं. खानावळ तुडुंब भरलेली, उंच छताखाली ताटावाट्यांचा कल्लोळ. यात चूक कुणाचीच नव्हती. मुलं घेऊन आलेली माणसं जेवणारच. ह्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं. मी विचारलं, "चीज की सफरचंद?" ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने विचारलं की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी वळून पाहिलं. ह्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "काहीही चालेल."

हे "काहीही चालेल" मी चार वर्षं ऐकते आहे. भाजी कोणती करू, काहीही चालेल. सदरा कुठला काढू, काहीही चालेल. माझी समजूत अशी की माणूस निवृत्तीनंतर शांत झाला, कशात फारसा जीव राहिला नाही. त्या टेबलावर पहिल्यांदा लक्षात आलं की ते मत नव्हतंच. प्रश्न ऐकू आला नव्हता, आणि चौथ्यांदा विचारायला लावायचं नव्हतं. मी दोन्ही मागवले. सफरचंदाचा जास्त चांगला होता. आम्ही न बोलता जेवलो. घास गिळताना मला त्रास होत होता.

जेवण झाल्यावर परीकथांच्या रानात शिरलो. एफ्टेलिंगची सुरुवातच या रानापासून झाली. १९५२ च्या मे महिन्यात दहा गोष्टींनिशी ते उघडलं. अँटन पीक या चित्रकाराने इथली घरं आधी कागदावर काढली आणि मग ती तशीच्या तशी बांधायला लावली. कललेल्या भिंती, पोक काढलेली छपरं, खरी वीट, खरं लाकूड. त्यामुळे सत्तर वर्षांत ती जुनी झाली तरी खोटी वाटत नाहीत. वर उंच झाडं आणि गारवा. गर्दी असूनही आवाज पानांत जिरून जातो.

लांब मानेचा एक सेवक बसलेला असतो. त्याची मान हळूहळू वर, वर, झाडांत जाते आणि परत खाली येते. हे हसले. पुढे लाल बुटांचा एक जोड, आत पाय नाहीत, आपला आपण फरशीवर नाचत होता. या गोष्टी ऐकाव्या लागत नाहीत, बघितल्या की पुरतं. ह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला.

वाटेच्या कडेला लाल भूछत्रं आहेत, पांढऱ्या ठिपक्यांची, मुलांच्या उंचीची. एक छोटी मुलगी त्यातल्या एकाला कान लावून डोळे मिटून उभी होती. ती गेल्यावर मीही वाकून कान लावला. आतून किणकिण्या तारांची एक बारीक चाल येत होती, काचेच्या बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजाव्यात तशी. इतकं गोड होतं की मी ह्यांना दंडाला धरून ओढलं.

हे वाकले. उजवा कान लावला. थांबले. मशीन खिशातून काढून कानात घातलं, पुन्हा लावला. मग डावा. लाल रंगावर हाताचा तळवा ठेवून ते तसेच वाकून राहिले. उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "बंद पडलंय वाटतं."

बंद पडलेलं नव्हतं. मी उभ्याउभ्या ऐकत होते.

वयाबरोबर ऐकू येईनासं होतं तेव्हा आधी उंच, बारीक स्वर जातात. पाखरांचं बोलणं जातं, लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज जातात, शब्दांतले स, श, फ जातात. हे मला वाचून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या माणसाला त्या भूछत्रावर वाकलेलं बघणं वेगळं. हे वीस वर्षं भजनी मंडळात तबल्यावर बसत. पेटीच्या वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनात तेव्हा आपण होऊन उठले. "आता पोरांना बसू द्या," म्हणाले. मी तेव्हाही खरं मानलं होतं.

मी पुन्हा कान लावला. चाल तीन-तीन मात्रांची होती. घरात इतकी वर्षं तबला ऐकल्यावर तेवढं मलाही कळतं. मी ह्यांचा हात घेतला आणि मनगटावर बोटांनी ठेका धरला. एक दोन तीन, एक दोन तीन. आधी त्यांना कळेना. मग कपाळावरची आठी सुटली. "दादरा?" मी मान हलवली. ते पुन्हा वाकले, दोन्ही हात भूछत्राच्या टोपीवर ठेवले आणि माझ्या बोटांकडे बघत हलक्या हाताने वाजवायला लागले. धा धीं ना, धा तीं ना. धा धीं ना, धा तीं ना. वरच्या चालीशी तंतोतंत जुळत होतं. तीन वर्षांत मी त्यांना कशावरही ठेका धरताना पाहिलं नव्हतं, टेबलावरसुद्धा नाही. मागे दोन मुलं आपली पाळी यायची वाट बघत उभी होती, तरी मी आणखी दोन आवर्तनं होऊ दिली.

तिथून पुढे दहा पावलंही गेलो नसू. हे थबकले. "कोण बोलावतंय?"

चार वर्षांत हा प्रश्न नेहमी मी विचारते. ह्यांना माझ्याआधी काही ऐकू आलं, हेच नवल. वळलो तर एक अवाढव्य पोटाचा, आ वासून बसलेला पुतळा. "पापीर हीर!" असं भरदार, घोगऱ्या आवाजात म्हणत होता. कागद इकडे! हा होले बोले खाइस. डच बडबडगीतातला बकासुरच म्हणा. गाय, वासरू, अर्धा घोडा, बैल, सात पिंपं बिअर आणि चर्चभर मेंढ्या खाऊनही याला भुकेने झोप येत नाही. कित्येक वर्षांपासून तो इथे कागद खातो आहे. कागद तोंडाशी नेला की आतला वारा तो ओढून घेतो आणि खाइस म्हणतो, "डांक यू वेल." या जाड्यापायी मुलं जमिनीवरचे कागद शोधून आणतात.

ह्यांनी खिशातला रुमाली कागद त्याच्या तोंडाशी धरला. सुस्स करून गेला. "डांक यू वेल." हे मोठ्याने हसले. मग ट्रेनची पावती. मग माझ्या पर्समधलं चॉकलेटचं वेष्टन. प्रत्येक वेळी कान पुढे करून उत्तर ऐकत होते. त्यांना फक्त ते ऐकायचं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ओरडल्याशिवाय कुणीतरी आपल्याला काही म्हटलं आणि ते स्वच्छ कळलं.

पाचव्या कागदानंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "याचा आवाज खर्जातला आहे. तू ओरडतेस तेव्हा तार सप्तकात जातेस, तिथे मला काही उरलेलं नाही. खर्जात बोल माझ्याशी."

चार वर्षांत हे त्यांनी मला का सांगितलं नाही, आणि मी का विचारलं नाही? मी तिथेच बाकावर बसले. मशीन विकणाऱ्याने हे एक वाक्य सांगितलं असतं तर किती दिवस वाचले असते. मग मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकले, आवाज पोटातून खाली घेतला आणि सावकाश विचारलं, "पाय दुखतायत का?"

"थोडे," हे म्हणाले. "पण भूक लागलीय."

दुपारचं दुसरं खाणं म्हणजे पॉफर्चेस. आपल्या आप्पेपात्रासारख्याच खळग्यांच्या तव्यात होतात, वर लोणी आणि पिठीसाखर. तिथेही गर्दी होती. खर्ज पुरेना, तेव्हा मी एका कागदी रुमालावर लिहिलं, "हे की बटाट्याचे काप?" ह्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, "दोन्ही. काप आधी." काप कागदी पुडीत, मेयोनीजबरोबर. मला ते मेयोनीज अजूनही आवडत नाही, पण ह्यांनी बोट फिरवून पुडी साफ केली आणि ती पुडी, तो रुमाल, सगळं घेऊन खाइसकडे परत गेलो.

मग 'भारतीय कमळं' नावाची गुहा पाहिली, १९६६ सालची. गोष्ट बेल्जियमची राणी फाबिओला हिने लिहिलेली. अंधारात तळं, वाद्यं वाजवणारे बेडूक आणि पक्षी, आणि कमळांतून वर येऊन नाचणाऱ्या पऱ्या. नावात भारत असला तरी आपल्या ओळखीचं मला फारसं काही दिसलं नाही. पण गारवा होता, बसायला मिळालं, आणि ह्यांना बेडकांचा ठेका ऐकू येत होता. दोनदा पाहिलं. उरलेली दुपार झाडांखाली चालण्यात गेली. सिम्बोलिकाची रांग बघून तो महाल सोडून दिला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

शेवटी तळ्याकाठी 'आक्वानुरा'. पार्कला साठ वर्षं झाली तेव्हा, २०१२ साली सुरू झालेला कारंज्यांचा खेळ. लोक आधीपासून जागा धरून उभे होते. पाणी उसळलं तेव्हा ढोलांचा दणका छातीत जाणवत होता. हे एक हात छातीवर ठेवून उभे राहिले, संपेपर्यंत.

परतीच्या बसला दमलेल्या मुलांची गर्दी होती. आम्हाला उजवीकडची दोघांची सीट मिळाली. हे सवयीने आधी खिडकीशी बसले आणि मी बाहेरच्या बाजूला, म्हणजे डाव्या कानाशी. बस सुटायच्या आत ते उठले, मला आत सरकायला लावलं आणि खिडकी देऊन टाकली.

टिलबर्ग येईपर्यंत बराच वेळ होता. मी आवाज खाली घेऊन त्यांच्या उजव्या कानाशी विचारलं, "उद्या सकाळी काय करू खायला?"

"थालीपीठ," हे म्हणाले. आणि थोडं थांबून, "कांद्याचं. त्या दिवशी केलं होतंस तसलं काकडीचं नको."