अखेर पिनवर्मची अंडी, आणि बुडबुड्यांचा बंदोबस्त

मिळाली! पिनवर्म म्हणजे आतड्यातला बारीक जंत. त्याची अंडी शोधायला गुदद्वाराशी चिकट टेप दाबायची आणि ती काचेच्या स्लाइडवर चिकटवून मायक्रोस्कोपखाली बघायची. भाच्याच्या टेपवर एखाद-दुसरं अंडं नाही, चांगला पुंजकाच. शौचाच्या नमुन्यात काही नव्हतं हे मागे लिहिलंच होतं, आणि त्यात नवल नाही. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, शौचात ती क्वचितच उतरतात. म्हणून ताईला बजावलं होतं, पोरगा उठला की संडास-आंघोळीच्या आधी टेप. ग्रॅहम नावाच्या संशोधकाची १९४१ सालची ही युक्ती अजून चालते.

खरा वैताग बुडबुड्यांचा. टेप कितीही सावकाश दाबा, गोंदात हवा अडकतेच आणि तिला जाड काळी कड येते. अंड्याचं कवच बिनरंगी. १०पट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याजवळचं भिंग) सगळं नुसतं चकाकतं, त्यात अंडं हुडकणं म्हणजे गारांच्या ढिगात साबुदाणा. (टेप साधी चकचकीतच घ्या. जिच्यावर पेनाने लिहिता येतं ती धुरकट टेप इथे बिनकामाची.)

शेवटी टेपची कड उचलून खाली झायलीनचा (गोंद विरघळवणारं द्रावक) एक थेंब सोडला. गॅलरीत, हातमोजे घालून. वास डोक्यात जातो आणि पेटही घेतं. गोंद विरघळला, बुडबुडे गेले. कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) खाली घेतला, डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटवला, आणि कवच उठून दिसलं! एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, कडेला दुहेरी रेघ, आत दुमडून बसलेली अळी. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर मोजलं: लांबी २२ भाग, रुंदी १०. माझ्या आयपीसमधल्या (डोळ्याजवळचं भिंग) मोजपट्टीचा एक भाग इथे अडीच मायक्रॉन, म्हणजे ५५ बाय २५. अगदी पुस्तकातलं माप.

स्लाइड्स मात्र लॅबच्या दुकानातूनच आणा. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात काचेचा भुगा निघाला, तो पुसण्यातच निम्मा वेळ गेला.

डॉक्टरांनी फोटो बघून घरातल्या सगळ्यांना अल्बेंडाझोल दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण गोळीने जंत मरतात, अंडी नाही. ताई पहिल्यांदाच माझ्या मायक्रोस्कोपबद्दल बरं बोलली.

पुढे अंड्यांना रंग यावा म्हणून आयोडीन घालून बघणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, नखं! पोरं खाजवतात, अंडी नखांखाली जातात, तिथून तोंडात. औषधाआधी कापलेली नखं डबीत बंद आहेतच. ती मिठाच्या संपृक्त पाण्यात घोळवून वर कव्हरस्लिप ठेवली तर अंडी तरंगून चिकटायला हवीत. आयोडीन राहू दे. मिठाऐवजी झिंक सल्फेट कुणी वापरलंय का?