मुंबईचा नाताळ आणि केळीचे खांब

डिसेंबर लागला की आमच्या वेंगुर्ल्याचे मुंबईकर ग्रुपवर मॉलमधल्या प्लॅस्टिकच्या झाडाचे नि कापसाच्या बर्फाचे फोटो टाकायला लागतात. टाका बापडे, पण मुंबईचा जुना नाताळ म्हणजे हा नव्हे हो.

फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल बघितलंय ना, हॉर्निमन सर्कलच्या बाजूचं, ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं? त्याचं काम १६७६ च्या सुमाराला सुरू झालं आणि मग कित्येक वर्षं नुसत्या अर्ध्यामुर्ध्या भिंती उभ्या, शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी गोळा करून ते पुरं केलं आणि उघडलं ते बरोबर नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १७१८. त्या दिवसाचं वर्णन त्याने स्वतःच लिहून ठेवलंय आणि सजावट कशाची होती तर झावळ्यांची आणि केळीच्या झाडांची, खांबांनासुद्धा हिरवा पाला! आपल्याकडे सत्यनारायणाला असतं तसंच की. साहेबाला इथे फरचं झाड कुठून मिळणार, दारात जे उगवतं तेच लावलं, आणि मला तर तेच जास्त शोभलं असेल असं वाटतं.

अर्थात साहेबाच्या आधीपासून वसई, वांद्रे, गिरगावकडची आपलीच मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं नाताळ करतच होती, वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज तर १५७५ चं. त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं खूप नंतर, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, कारण गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांची आडनावं तीच आणि नोकऱ्यांत स्पर्धा, मग आम्ही ईस्ट इंडिया कंपनी सरकारची जुनी रयत हे सांगायला काहीतरी नाव हवं होतं. हुशारीच म्हणायची.

खाणं बघा. नारळ, रवा, गूळ, तांदळाचं पीठ. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, दोदोल म्हणजे नारळ-गुळाचा घट्ट हलवा, आणि कुलकुल म्हणजे तळलेले गोड शंख, ते जेवणाच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर नाहीतर कोऱ्या कंगव्यावर दाबून वळायचे, घरातली सगळी पोरं त्याला बसवायची आणि अर्धं कच्चं पीठ पोटात. मग ताटं भरून शेजारीपाजारी, त्यात हिंदू-मुसलमान बघायचं नाही. केकबिक आहेच, पण माझं मत नेवरीला.

नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातलं गवतही विकतचं नसायचं. थाळीत माती घेऊन नाचणी पेरायची, आठदहा दिवसांत हिरवीगार, तीच बाळ येशूच्या आजूबाजूला. अजून काही घरांत करतात. तेव्हा प्लॅस्टिकवाल्यांनो, घरी नाचणी असेलच, आत्ता पेरलीत तर वेळेवर उगवेल.